साहेबाच्या देशातला सालगडी

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तोच प्रश्न: 'ताई, इंग्लंडने महायुद्ध जिंकलं, मग तिथे गरिबी कसली?'

रेशनचं भराभर सांगते. युद्ध १९४५ला संपलं, रेशन १९५४च्या जुलैपर्यंत चाललं. युद्ध चालू असताना जो पाव मोकळा मिळायचा, तोसुद्धा १९४६ ते ४८ रेशनवर गेला. एवढं पुरे.

मला बोलायचंय घराबद्दल. मी इथे इंग्लंडच्या नॉरफोक भागात वृद्धाश्रमात काम करते. तिथले एक आजोबा शेतमजुराचा मुलगा. अजूनही जेवण झालं की पावाचा चुरा बोटाने टिपून खातात. त्यांचं घर म्हणजे 'टाइड कॉटेज', मालकाने कामासोबत दिलेलं. संडास परसात. जस्ताचा टब मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेला. शनिवारी तो चुलीपुढे यायचा आणि एकाच पाण्यात सगळी भावंडं न्हायची.

एकाने लिहिलंय, 'कामासोबत घर, मग चांगलंच की!' अहो दादा, काम गेलं की घर गेलं! पगार वाढवून मागायचा तर आधी डोक्यावरच्या छपराचा विचार करायचा. बापाची कंबर धरली, काम होईना, तरी घर रिकामं करा. बाप वारला तर विधवेनेही निघायचं, नाहीतर पोराने त्याच शेतावर राबायचं. आपल्याकडे सालगड्याच्या खोलीत जे वाढले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. या घरांतल्या शेतमजुरांना कायद्याने भक्कम संरक्षण मिळालं ते थेट १९७६ साली. एकोणीसशे शहात्तर!

'मग शिकायचं होतं,' अशीही कमेंट आहे. १९४४च्या कायद्याने सरकारी माध्यमिक शाळांची फी गेली, फार मोठं काम झालं ते. अकराव्या वर्षी परीक्षा, पास झालं तर ग्रामर स्कूल, म्हणजे निवडक हुशार मुलांची शाळा. आजोबा पास झाले होते हो! गणवेशाची यादी आली. आईने ती दोनदा वाचली, घडी घातली आणि चहाच्या डब्याखाली ठेवून दिली. त्यावर घरात पुन्हा कुणी बोललं नाही.

पुढच्या वर्षी वडिलांची कंबर गेली. थोरले हेच, बारा वर्षांचे. घर सोडावं लागलं. सामान बाहेर निघाल्यावर आई गुडघ्यांवर बसून रिकाम्या घराची फरशी घासत होती, मागून येणाऱ्या बाईने नाव ठेवू नये म्हणून. हे सांगताना आजोबा दर वेळी इथेच थांबतात.