यादी लागायच्या आधी

(जळगावात दिलेलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, वय झालेल्या खेळाडूला फुटबॉल संघ निरोप कसा देतात, त्यामागचं करार-पगाराचं गणित काय, हे सांगायचं कबूल करून आलोय. पण आधी अमळनेरची एक गोष्ट.

आमच्या संघात एक बॅक होता, सगळे त्याला आप्पा म्हणायचे. चौदा वर्षं गोलपुढची जागा त्याचीच. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, पण संध्याकाळी पाचला चुन्याची बादली घेऊन रेघा मारायला आप्पा हजर. सदतिसाव्या वर्षी पाय मंदावले, हे खरं. कोवळी पोरं वळसा घालून पुढे निघायला लागली. कमिटीनं नाव कापलं. त्या कमिटीत मी होतो. त्याच रात्री आप्पाच्या घरी शेवभाजी खाल्ली, उशिरापर्यंत गप्पा मारल्या आणि यादीबद्दल अवाक्षर काढलं नाही. सकाळी फळ्यावर यादी लागली. आप्पानं ती दोनदा वाचली, पिशवीतून काढलेले बूट परत ठेवले आणि मला विचारलं, "भाऊ, तुले माहीत व्हतं का?"

निर्णय बरोबर होता, असं पुढे तो स्वतःच म्हणाला. मैदानाकडे मात्र परत फिरकला नाही. मला आजही ते सलतं.

मोठ्या क्लबांतही हेच. इटलीचा आघाडीवीर डेल पिएरो १९९३ पासून तिथल्या युव्हेंटस क्लबमध्ये. त्याचा हा शेवटचा मोसम, हे क्लबच्या अध्यक्षांनी ऑक्टोबर २०११ मध्ये जाहीर केलं ते भागधारकांच्या सभेत! स्पेनचा गोलकीपर कासियास नऊ वर्षांचा असताना रेआल माद्रिद क्लबमध्ये आला, मुख्य संघाकडून ७२५ सामने खेळला आणि जुलै २०१५ मध्ये निरोपाचा कागद वाचताना टेबलामागे एकटाच रडत होता. क्लबनं समारंभ केला तो दुसऱ्या दिवशी. त्यामानानं आपल्या भारताच्या कर्णधाराला, भाईचुंग भुतियाला, जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीत जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबविरुद्ध निरोपाचा सामना मिळाला. ०-४ हरलो, हरू देत.

सभेच्या अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. कराराचं भरभर सांगतो. तिशीनंतर वेग उतरतो, दुखापत भरायला वेळ लागतो, आणि खेळाडू विकून पैसेही येत नाहीत. म्हणून लंडनच्या आर्सेनल क्लबमध्ये प्रशिक्षक वेंगर तिशी उलटलेल्यांना एकेका वर्षाचाच करार देत. त्यांच्या पिरेस या खेळाडूला दोन वर्षं हवी होती, तो २००६ मध्ये स्पेनच्या व्हियारेआल क्लबला गेला. नियम कडक, पण सगळ्यांना आधीपासून ठाऊक. तो मला पटतो.

दुसरा मुद्दा वारसाचा. यावल-रावेरची मंडळी बसलीत, त्यांना सांगायला नको: केळीचा घड उतरवला म्हणून खोड लगेच मुळापासून तोडत नाहीत, त्याचं बळ शेजारच्या पिलाला, म्हणजे बुंध्याशी फुटलेल्या नव्या कोंबाला, जातं. पण पील आधी राखावं लागतं. भारताचा कर्णधार सुनील छेत्रीनं ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध देशाच्या संघाचा निरोप घेतला, स्टेडियम रडलं. मार्च २०२५ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, त्यालाच परत बोलवावं लागलं आणि मालदीवविरुद्ध त्यानं गोलही केला. त्याचं कौतुक आहेच, पण त्याच्या जागी पील कुणी राखलं होतं?

तालुका संघांचे निवड समितीवाले समोर आहेत, म्हणून मागतो. यंदा ज्याचं नाव कापणार असाल, त्याच्या घरी यादीच्या आदल्या रात्री जा. आणि मोसम सुरू होतानाच दोन पोरं त्याच्या हाताखाली द्या.