फ्रॉइलाइन रब्बी योनास

नमस्कार, श्रोतेहो.

बर्लिनच्या तुखोल्स्की रस्त्यावर ९ नंबरची एक इमारत आहे. तिथे एकेकाळी यहुदी धर्मविद्येचं एक लहानसं विद्यालय भरायचं. नाव लांबलचक, म्हणून सगळे नुसतं ‘होखशूल’ म्हणत. १८७२ साली सुरू झालेलं. १९२३च्या हिवाळ्यात आजारी लेखक काफ्कासुद्धा इथे व्याख्यानं ऐकायला यायचा. पुढच्याच वर्षी एक मुलगी इथे दाखल झाली, रेगिना योनास. दोघांची थोडक्यात चुकामूक झाली म्हणायची.

बाप फेरीवाला, तोही ती अकरा-बारा वर्षांची असताना गेलेला. होखशूलमध्ये तेव्हा बऱ्याच मुली शिकत, पण त्या शाळेत धर्म शिकवण्याची पदवी घ्यायला. रेगिनाला व्हायचं होतं रब्बी.

रब्बी म्हणजे पुजारी नव्हे बरं का. धर्मशास्त्र पाहून निर्णय देणारा तो रब्बी. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींकडे तर पिढ्यान्‌पिढ्या रब्बी नव्हतेच, प्रार्थना हज्जान चालवत. युरोपात मात्र या पदाला मोठा मान, आणि तिथे बाईचं नावसुद्धा कुणी काढत नव्हतं.

होखशूलमधला अभ्यास कसा असेल? तालमूद म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या चर्चेचा जुना ग्रंथ, त्याचं एक पान डोळ्यांसमोर आणा. मधोमध मूळ मजकूर. शिवणीकडे अकराव्या शतकातल्या राशी नावाच्या पंडिताची टीका. बाहेरच्या बाजूला त्याच्या नातवांच्या पिढीचे आक्षेप. सटीक पोथी ज्यांनी हाताळली आहे त्यांना हे पान परकं वाटणार नाही. परंपरेनं ते जोडीनं, मोठ्यानं वाचायचं, एकानं शंका काढायची, दुसऱ्यानं ती खोडायची. होखशूलमध्ये वर आणखी एक काम असे: हाच ग्रंथ इतिहासाच्या कसोटीवरही घासून बघायचा.

१९३०मध्ये रेगिनानं पदवीसाठी प्रबंध दिला. विषय: स्त्रीला रब्बीपद भूषवता येतं का? समान हक्कांचं भाषण तिनं केलं नाही. ती स्वतः सोवळ्या वळणाची. तिनं तेच जुने ग्रंथ उघडले आणि अमुक कामाला बंदी कुठे, तमुकाला कुठे, असं एकेक वचन तपासत गेली. शेवटी लिहिलं, पूर्वग्रह आणि सवय नसणं सोडलं तर शास्त्रात जवळजवळ काहीच आड येत नाही. मला यातलं ‘जवळजवळ’ फार आवडतं. पक्क्या विद्यार्थिनीचा शब्द आहे तो.

प्रबंध पास झाला. पण रब्बीपदाची दीक्षा ज्यांच्या हाती होती, ते तिचे तालमूदचे प्राध्यापक बानेट त्याच वर्षी वारले आणि हातात पडली ती धर्मशिक्षिकेची पदवी. पाच वर्षं ती शाळांतून शिकवत राहिली. २७ डिसेंबर १९३५ला रब्बी माक्स डीनेमान यांनी परीक्षा घेऊन तिला दीक्षा दिली. तोवर हिटलर सत्तेवर आला होता. एकेक रब्बी देश सोडून जाऊ लागले, आणि मागे राहिलेल्यांना ‘फ्रॉइलाइन रब्बी’, म्हणजे कुमारी रब्बी, हवीशी वाटू लागली.

१९४२च्या उन्हाळ्यात होखशूलला कुलूप लागलं. नोव्हेंबरात रेगिनाला आईसह टेरेझीनच्या छावणीत नेलं. १९४४मध्ये आउशवित्सच्या मृत्युछावणीत.

जाण्याआधी तिनं आपली कागदपत्रं नीट ठेवायला दिली होती. ती जवळजवळ पन्नास वर्षं पूर्व बर्लिनच्या दफ्तरात पडून राहिली. टेरेझीनच्या कागदांतही तिच्या व्याख्यानांची एक यादी सापडली. वर मथळा आहे: एकमेव स्त्री रब्बी रेगिना योनास यांची व्याख्यानं.