वशिंडवालं विमान

(दृश्य : सावद्याजवळची केळीची बाग, सकाळ)

कटाई सुरू आहे. मजूर खांद्यावर घड घेऊन बांधाकडे येतोय आणि बांधावरच्या व्यापाऱ्याचा फोन कानावरून हलत नाही. "भाऊ, गाडी भरली का?" दिल्लीहून सकाळपासूनचा हा चौथा फोन. रावेर-यावल पट्ट्यात केळीचा भाव रोज निघतो. फोन बंद ठेवून कसं भागणार?

त्याची सुटका एकाच ठिकाणी. जळगावहून मुंबईला जाणारं एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान. तेवढा वेळ फोन मुका.

(दृश्य : मोठं विमान, पाठीवरचा उंचवटा)

मोठ्या विमानांत मात्र ही सुटका संपत आलीय, कारण तिथे आता उडतानाही इंटरनेट मिळू लागलंय. पाठीवर हे बैलाच्या वशिंडासारखं काय दिसतंय? त्याच्या आत अँटेना. ती उपग्रहाशी बोलते, उपग्रह जमिनीवरच्या केंद्राशी. आपल्याकडे २०१८ च्या नियमांनी विमानातल्या इंटरनेटला वाट करून दिली. १ जानेवारी २०२५ पासून एअर इंडियाने देशांतर्गत मार्गांवरच्या काही विमानांत वाय-फाय सुरू केलं.

वशिंड फुकटचं नसतं. वजन वाढतं, वारा अडतो, इंधन जास्त लागतं. शिवाय भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून एकाच जागी थांबल्यासारखा दिसणारा, उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. प्रश्न वर जाऊन खाली यायचा, उत्तराने पुन्हा तेवढंच अंतर कापायचं, यात जवळपास अर्धा सेकंद जातो. त्यात एकाच अँटेनावर दीड-दोनशे प्रवासी. मेसेज जातो, व्हिडिओ गरगरत बसतो.

यावर तोड निघालीय. स्टारलिंक या उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या सेवेचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, नेट झटपट चालतं. आणि खरी पंचाईत इथेच आहे. नेट रडत होतं तोवर "वर रेंज नव्हती" हे खपून जायचं. आता काय सांगणार? बहुतेक विमान कंपन्या अजून वर कॉल करू देत नाहीत, हे नशीब. आमच्या खान्देशात फोनवर बोलणं म्हणजे पलीकडच्याला फोनशिवायही ऐकू जावं असं. रात्रीच्या विमानात शेजारच्या आसनावरून "गाडी भरली का?" सुरू झालं, तर झोपायचं कुणी?

(दृश्य : एटीआरची खिडकी, खाली तापीचं पात्र)

परतीच्या विमानात आपला व्यापारी तोंड उघडं टाकून घोरतोय. हातातला पेपर कधीच पायाशी पडलाय.

चाकं धावपट्टीला टेकतात. तो डोळे चोळत फोन चालू करतो. सतरा मिस्ड कॉल. फोन तसाच खिशात टाकून तो आधी पायाशी पडलेला पेपर उचलतो.