तळातून सुटलेला बर्फ

मे महिन्यातली दुपार. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटाला हात लावला तर चटका बसतो. हा काळा दगड एकेकाळी वाहत होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा आला, थरावर थर निवत गेला, आणि दख्खनचं पठार झालं.

आइसलँडही याच दगडाचं, बेसाल्टचं. तिथला लाव्हा मात्र अजून जागा आहे, आणि तिथले कित्येक ज्वालामुखी हिमनद्यांच्या पोटात आहेत.

कुल्फीवाला साचा दोन तळव्यांत धरून फिरवतो, आठवतं? कुल्फी वितळत नाही. साच्याला चिकटलेला पातळ थर तेवढा सुटतो, आणि अख्खी कुल्फी सर्रकन बाहेर येते. हिमनदीचंही काहीसं असंच. भूगर्भातली उष्णता तळाचा बर्फ वितळवते. पाण्याचा दाब वाढतो, बर्फाचा भार पाण्यावर येतो, खडकावरची पकड सुटते. वरून बघणाऱ्याला मात्र पांढराशुभ्र, घट्ट बर्फच दिसत असतो. मला याचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

२० सप्टेंबर २००२ रोजी रशियातल्या कॉकेशस पर्वतरांगेतली कोल्का हिमनदी जवळजवळ अख्खी आपल्या जागेवरून निसटली. शंभराहून अधिक माणसं गेली. वरून कोसळलेल्या बर्फ-खडकांमुळे, की कझबेक ज्वालामुखीच्या परिसरातल्या उष्णतेमुळे, यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे.

आइसलँडमधल्या घटनेबद्दल असा वाद नाही. ३० सप्टेंबर १९९६ ला वात्नायोकुल हिमनदीखाली उद्रेक झाला. वितळलेलं पाणी पाच आठवडे ग्रिम्सव्होत्न सरोवरात साठत राहिलं. ५ नोव्हेंबरला त्या पाण्यानं बर्फाचा बांधच उचलला. ऐन भरात सेकंदाला ४५ हजार घनमीटरच्या आसपास पाणी, सोबत घरांएवढे हिमखंड. पूल मोडले, रस्ता वाहून गेला. पण एकही जीव गेला नाही. शास्त्रज्ञ रोज पाळतीवर होते, वाहतूक आधीच थांबवली होती.

कोलंबियातल्या आर्मेरोच्या नशिबी हे नव्हतं. १३ नोव्हेंबर १९८५. नेवादो देल रुईस या बर्फाच्छादित ज्वालामुखीचा उद्रेक तसा लहानच. पण तप्त राख आणि वायूंच्या लोटांनी शिखरावरचा बर्फ वितळवला, आणि पाणी, राख, दगड यांचा चिखल दऱ्यांतून सुटला. सुमारे २३ हजार माणसं गाडली गेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता. त्यात आर्मेरोही होतं.

उद्रेक झाला रात्री नऊच्या सुमारास. चिखल गावात शिरला तेव्हा साडेअकरा होत आले होते.