वारी अंकलीपासून मोजा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘माउलींच्या अश्वांबरोबर : अंकली ते मिरज’. माउलींच्या आळंदीच्या पालखीचे हे दोन घोडे दरवर्षी अंकलीच्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून चालत निघतात, आणि मी त्यांच्याबरोबर चालायला निघालो होतो. पण आधी मी चुकलो कसा ते सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं सुचत नाही.

अंकल्या दोन. एक आपली, चिकोडी तालुक्यातली, शितोळे सरकारांची. दुसरी मिरज तालुक्यातली, सांगली-कोल्हापूर रस्त्यावरची. आणि दोन्ही कृष्णाकाठी! पहिल्या वर्षी मी कोल्हापुरात लेकीकडे होतो. पहाटे सांगलीच्या बसमध्ये बसलो, कंडक्टरला म्हटलं, “एक अंकली.” त्यानं बिचाऱ्यानं तिकीट दिलं. उतरलो, टोपी नीट केली, आणि टपरीवाल्याला ऐटीत विचारलं, “सरकारांचा वाडा कुठं?”

तो म्हणाला, “वाडा? हितं पूल हाय. चालंल काय?”

फोन लावला, तर घोडी केव्हाच मांजरीच्या पुढं गेलेली. मग काय, पूल बघितला. चांगला आहे. दोन चहा घेतले आणि उलट बसनं परत. लेक अजून पाहुण्यांना सांगते, बाबा पूल बघायला गेले होते. हसा, हसा. तुमच्यातले निम्मे तिथंच उतरले असते.

दुसऱ्या वर्षी चिकोडीवरून गेलो. सौभाग्यवतीही आल्या. वाड्यातून अश्व निघाले आणि अंगावर काटा आला, बाकी वर्णन करत नाही. कृष्णेचा पूल, मांजरी, दोन्हीकडं ऊस. दारोदारी बायका कळशी घेऊन उभ्या. घोड्याच्या पायांवर पाणी, कपाळाला गंध. एक आजी आम्हाला कानडीत म्हणाल्या, “बर्री, च्या कुडीरी.” म्हणजे या, चहा घ्या. मराठीचा एक शब्द नाही, पण खुरांखालची माती उचलून नातवाच्या कपाळाला लावली. कागवाडला सौं.चे गुडघे बोलू लागले. त्या कर्नाटकच्या बसनं घरी गेल्या, फुकटात; तिथं बायकांना तिकीट नाही. मी म्हैसाळच्या पुढं लंगडत होतो, स्वखर्चानं.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. ‘पाच मिनिटं.’ म्हणजे मुद्दा राहिलाच की!

तर भराभर. पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं हैबतबाबा आरफळकरांनी. ते साताऱ्याकडचे, शिंद्यांच्या पदरी होते. साल १८३२ धरतात. घोडे, तंबू दिले शितोळ्यांनी. हे घराणं म्हणजे महादजी शिंद्यांचे जावई. तेव्हापासून अश्व अंकलीहून आळंदीला चालत जातात, तीनशेच्या आसपास किलोमीटर. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसरा माउलींचा, त्याच्यावर कुणी बसत नाही. प्रस्थानाला हे दोघे देवळात आल्याशिवाय पालखी हलत नाही. म्हणजे आळंदी वाट कुणाची बघते? अंकलीची. मग वारी आळंदीपासून का मोजायची? आणि कागवाड-म्हैसाळच्या मधली कर्नाटक-महाराष्ट्राची ती रेघ? ती १९५६ ची. घोडी तिच्याआधी सव्वाशे वर्षं त्याच वाटेनं जात होती. तिच्यावरून आपण किती भांडलो, मीही भांडलोय, मागं हटलेलो नाही. पण त्या आजींचा चहा कुठल्या राज्यात धरायचा, हे मला कुणी...

बरं बरं, अध्यक्ष उभेच राहिलेत. थांबतो. यंदा ज्यांना यायचंय त्यांनी दाराशी नावं द्या. आणि बसमध्ये ‘चिकोडीची अंकली’ म्हणा, नुसतं अंकली नको.