कालचं शिजलेलं, आजचं ताजं

नमस्कार श्रोतेहो.

दिवसभराच्या कामानंतर फ्रिज उघडला की आपण पटकन म्हणून जातो, "घरात काहीच नाही." पण जरा नीट पाहिलं तर वाटीभर भात असतो, उकडलेलं कडधान्य असतं, दोन बटाटे असतात, खालच्या कप्प्यात गाजर, काकडी, पालेभाजी असते. भिजवणं, शिजवणं, निवत ठेवणं हे स्वयंपाकातलं सगळ्यांत वेळखाऊ काम तर आधीच उरकलेलं आहे. उरलंय ते पंधरा-वीस मिनिटांचं, आणि त्यात चांगलं, पोटभर, एका वाडग्यातलं जेवण होतं.

तरीही उरलेलं अन्न नुसतं गरम करून खाल्लं की कंटाळा का येतो? कारण ठेवलेल्या अन्नातून काही गोष्टी निघून गेलेल्या असतात. वास मंदावतो, करकरीतपणा जातो, सगळं एकसारखं मऊ होतं. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे, की उरलेल्यात आणखी उरलेलं मिसळत बसू नका. त्यातून काय गेलंय ते ओळखा आणि तेवढं ताज्या भाजीतून परत घाला. दोन वेगवेगळ्या मसाल्यांच्या भाज्या एका वाडग्यात तर आणूच नका, दोन्हींची चव बिघडते.

भाताचंच घ्या. ताजा, वाफाळता भात परतायला घेतला तर त्याचा गोळा होतो. भात थंड होताना मात्र त्यातल्या स्टार्चचे रेणू पुन्हा जवळ येऊन घट्ट बसतात, दाणा टणक आणि सुटा होतो. परतायला हाच भात हवा. हाताने मोकळा करा, रुंद कढईत थोडं तेल चांगलं तापवा, लसूण घाला आणि भात पसरून घाला. लगेच ढवळू नका. खालचा थर जरा खरपूस होऊ द्या. कढईत एकदम गर्दी केली तर वाफ कोंडते आणि भात परतला जाण्याऐवजी पुन्हा शिजतो, म्हणून जास्त माणसं असतील तर दोनदा करा.

भाताबद्दल एक गोष्ट मनापासून सांगते, कारण याकडे फार दुर्लक्ष होतं. तांदळात असणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणून जेवण झाल्यावर भात पसरट भांड्यात लवकर निववा, दोन तासांच्या आत ५ अंशांखालच्या फ्रिजमध्ये ठेवा, आणि शक्यतो दुसऱ्याच दिवशी संपवा. गरम कराल तेव्हा आतपर्यंत वाफ येईल इतका करा, आणि एकदाच. रात्रभर बाहेर राहिलेला भात टाकून द्या, जीव हळहळला तरी.

आता भाज्या. कढईत गाजर आधी, मग कोबी, आणि पालक अगदी शेवटी, गॅस बंद करताना, कारण त्याला कढईतली ऊब पुरते. गाजराला तेलाची सोबत हवीच, त्यातलं कॅरोटिन शरीरात नीट शोषलं जायला स्निग्ध पदार्थ लागतो. पण सगळ्याच भाज्या शिजवू नका. निदान एक तरी कच्ची राहू द्या: काकडी, टोमॅटो, किसलेला मुळा. वाडग्यात जीव येतो तो तिच्यामुळे. काकडीला मीठ मात्र खाण्याच्या वेळीच लावा, नाहीतर पाणी सुटून खालचा भात ओला होतो.

लिंबूही कढईत पिळू नका. आंबटामुळे गरम पालेभाजीचा हिरवा रंग मळकट होतो, आणि लिंबातलं क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं. वाढून झाल्यावर पिळलं तर तेच जीवनसत्त्व कडधान्यातलं लोह शोषायला मदत करतं. चवीसाठीही लिंबू वरूनच चांगलं. ठेवलेल्या अन्नाचा जडपणा जितका आंबटाने जातो तितका तिखटाने जात नाही, हे एकदा करून पाहाच.

सगळं एकत्र बांधायला दही फेटून घ्या, त्यात ठेचलेला लसूण, मीठ आणि थोडं शेंगदाण्याचं कूट. दही नको असेल तर तीळ वाटून, कोमट पाण्यात सैल करून घ्या. तळाशी गरम भात, त्यावर कडधान्य, बाजूला परतलेल्या भाज्या, कच्ची भाजी वर, मग हे दही. भात कमी असेल तर बटाटे कुस्करून तव्यावर लालसर करा, किंवा वर एक अंडं फोडून शिजवा. भाजलेले दाणे मात्र घास घेण्याच्या क्षणीच पेरा, म्हणजे शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत राहतील.

नमस्कार.