वजन कुठल्या पायावर?

(बेळगावातील ज्येष्ठ नागरिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत मी सकाळी 'ताई ची' हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम करतो. तिथं फिरायला येणाऱ्यांचा मला एक ठरलेला प्रश्न असतो : "सर, एवढं सावकाश हात हलवून घाम येतो काय ओ?" येतो. गुडघे जरासे वाकवा, सगळं वजन एका पायावर घ्या आणि दुसरा पाय अगदी हळू पुढे टाका. मांड्या थरथरायला लागतात.

ताई ची ही मुळात लढायची विद्या. चीनच्या हनान प्रांतातलं चेन घराण्याचं गाव हे तिचं माहेर. तिथं शिकलेल्या यांग लू-चान यांनी एकोणिसाव्या शतकात ती बीजिंगला नेली, आणि त्यांचे नातू यांग चंग-फू यांनी तिला आज दिसतं ते संथ, मोकळं वळण दिलं. १९५६ साली चीनच्या सरकारी क्रीडा खात्यानं २४ हालचालींचा छोटा क्रम बसवला. मी करतो तो हाच. पाच-सहा मिनिटांत संपतो.

मग एवढ्याशा क्रमात माणूस वर्षानुवर्षं करतो तरी काय? सुरुवातीचा बराच काळ हात कुठं न्यायचा, यातच जातो. ते अंगवळणी पडलं की लक्ष आपोआप खाली, पायांकडे उतरतं. आपण चालतो म्हणजे खरं तर पुढं झुकून पडायला लागतो आणि पाय टाकून स्वतःला सावरतो. इथं तसं चालत नाही. आधी रिकामी टाच टेकवायची, मग तळवा, आणि मगच वजन सोडायचं; मधेच पाय मागं घ्यावा वाटला तर घेता आला पाहिजे. ही सवय मैदानावर राहत नाही. खानापूरकडच्या पावसात शेवाळलेल्या पायरीवरून मी उतरतो तेव्हा पाय विचारूनच टेकतो, मला त्याला सांगावं लागत नाही. सत्तरीनंतर मला तरी याहून मोठं बक्षीस नको.

डॉक्टर मंडळींनीही हे तपासलंय. कंपवाताच्या १९५ रुग्णांचा एक अभ्यास २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे. नुसते ताण देणारे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ताई ची करणाऱ्यांचा तोल सुधारला आणि पडणंही कमी झालं. आजार बरा झाला असं कुणी म्हटलेलं नाही, आणि तुम्हाला कुणी तसं म्हणालं तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. अंगातून ऊर्जा वाहते वगैरेही बोललं जातं. मला आजवर तसलं काही दिसलं नाही, आणि त्यावाचून अडलंही नाही.

दुसरा लाभ मी मागितला नव्हता. यात जोडीनं करायचा एक सराव असतो. मनगटाला मनगट लावून उभं राहायचं आणि समोरचा ढकलेल तसं वळायचं. अडवायचं नाही, पळायचंही नाही. आपल्याकडं तालमीत लाल माती अंगाला लागलेल्यांना हे लगेच उमजेल, कारण ताठ उभा राहिलेला गडी सगळ्यात आधी उलथतो हे त्यांनी बघितलेलं असतं. या सरावानं मला माझे खांदे सापडले. घरात जमिनीच्या वाटणीचं बोलणं निघालं की माझा आवाज चढायच्या आधी खांदे चढतात. ते आता मला कळतं. मी ते खाली सोडतो. भांडण मिटतंच असं नाही, पण माझं वाक्य तरी बदलतं. घरच्यांना विचारा, हा बदल यायला फार वर्षं लागली!

या वयात सुरू करू का, असं मघाशी एका ताईंनी विचारलं. खुशाल करा, फक्त गुडघे जपा. फोटोतल्यासारखं खाली बसायला जाऊ नका. गुडघा पावलाच्या रोखानंच वाकवायचा, आणि तो बोटांच्या पुढं जाऊ द्यायचा नाही. वळताना वजन असलेला पाय जमिनीवर पिळू नका. आधी वजन काढा, मग पाऊल वळवा. तोल जात असेल तर सुरुवातीला भिंतीजवळ उभं राहा. पावसाळ्यात घरच्या सोप्यात करा, तेवढी जागा पुरते.